हवा सोडणारे जमादार

आमच्या चौकातले वाहतूक पोलिसांचे जमादार शिट्टी कधी वाजवत नसत. ती छातीवर नुसती लोंबकळत असे. सायकलवाला दिसला की ते सरळ हँडल धरत, घंटी वाजवून बघत, दोन्ही ब्रेक दाबत, आणि मागे कुणी डबलसीट असलं तर वाकून चाकाची हवा सोडून देत. मोटारसायकलवाले सुसाट जातात आणि गरिबाच्या सायकलीवर जोर कशाला, असं अख्खं बुलढाणा म्हणे. मीही म्हणे.

माझं तेव्हा नवीन लग्न झालेलं. मी शाळेत कारकून. घरी दोन खोल्या, त्यांत आई-वडील, भाऊ-वहिनी, त्यांची पोरं. संध्याकाळी सुनंदाला शिवणक्लासातून सायकलीवर आणायचो, तेवढाच काय तो आमचा एकांत, आणि तोही मुका. ती शेगावची, आमच्या घरात गप्प गप्प असे. दिवाळीला माहेरी गेली की परत येते की नाही, ही धास्ती मला आतून खात होती.

एके दिवशी जमादारांनी आम्हाला गाठलंच. चाक फुस्स. मी चिडलो, "आता या चढावावर बायकोले पायी नेऊ का?"

"हाव, न्या ना बाबूसाहेब. मांगं बसवल्यावर बायकोचं तोंड दिसते का तुमाले? पायी चाला, दिसते."

चाललो. दिसलं. ती रडत होती.

"काऊन रडून राह्यली?"

"तुमच्या घरी मले कोणी नावानं हाक मारत नाही," ती म्हणाली. "तुमीबी नाही."

खरंच होतं ते. "ऐकलं का"वरच माझं भागत असे. त्या चढावावर मी तिला पहिल्यांदा सुनंदा म्हटलं, तेही इकडेतिकडे बघून. पुढे चौक आला की ती आपणच उतरू लागली. जमादार लांबूनच हसत, "आता तुमची हवा सोडाचं कामच नाही राह्यलं!" दिवाळीला ती माहेरी गेली आणि भाऊबीज होताच परत आली.

जमादार निवृत्त होऊन चिखलीला गेले. भेटायला जाऊ जाऊ म्हणत आमचं राहूनच गेलं. परवा ते वारल्याचं कळलं आणि घरात काही गोड लागेना. संध्याकाळी मी जुनी सायकल पुसून काढली. सुनंदा काही न विचारता मागे बसली. चौकात आता कॅमेरे आहेत. तरुण शिपायाने मोबाइलमधून मान वर केली आणि हात हलवून म्हणाला, "जा काका." कुणी अडवलं नाही याचं इतकं वाईट वाटेल, असं कधी वाटलं नव्हतं.

"थांबा," मागून सुनंदा म्हणाली. "जमादाराच्या चौकातून बसून जाता का?"

ती उतरली. मी वाकलो आणि मागच्या चाकाची हवा सोडली. शिपाई बघत राहिला, आम्ही चढावाला लागलो.