सासूबाईंच्या कबरीवरची ओळ

पत्नीच्या माहेरी, म्हसळ्याकडे, स्त्रियांच्या कबरीवरच्या दगडाची एक रीत आहे. नाव अरबीत आणि त्याखाली एक फारसी ओळ. शेवटच्या आजारपणात ती म्हणाली होती, "माझ्या आईच्या दगडावर आहे तीच ओळ माझ्यावर घाला. उर्दूत उरकू नका." मी हो म्हटले होते.

पूर्वी ही अक्षरे माझे सासरे दगडावर कोळशाने रेखून देत. त्यांच्यानंतर लिहिणारा राहिला नाही. मी गणिताचा शिक्षक. कुराण वाचतो, फारसी अडखळत. सासूबाईंच्या दगडावरचे शेवाळ ब्रशने काढले, फोनवर छायाचित्र घेतले आणि संगणकासमोर बसलो.

कुवेतहून मुलगी फोनवर सांगत होती.

"अब्बा, सेटिंगमध्ये भाषा उघडा. अरबी घ्या, मग फारसीही घ्या."

"एक पुरणार नाही?"

"नाही. अरबीच्या कीबोर्डवर 'पे' हे अक्षर नाही. नानीच्या ओळीत आहे."

दोन्ही घेतल्या. लिहू लागलो तर ओळ डावीकडेच चिकटून राहिली आणि पूर्णविराम भलत्या टोकाला गेला. उजव्या बाजूचे कंट्रोल आणि शिफ्ट एकदम दाबायला तिने सांगितले. ओळ उजवीकडे सरकली. कळांवर इंग्रजी अक्षरे होती. म्हणून पडद्यावर कीबोर्ड उघडून एकेक अक्षर शोधले. दुपार गेली. मुलगी मध्येच रडली. मी विचारले, पुढची कळ कोणती.

फाइल पेनड्राइव्हवर घालून बाजारातल्या छपाईच्या दुकानात नेली. तेथे लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फलक होतात. दुकानदाराच्या संगणकावर अक्षरे एकमेकांपासून सुटली आणि उलट्या क्रमाने उभी राहिली.

"हे चुकले आहे," मी म्हणालो.

"चाचा, अक्षरं सगळी आहेत की! सुटी दिसली म्हणून काय झालं? वरचा लावून घेईल."

"वरच्यासाठी नाही. दगडासाठी आहे."

तो हसायचा थांबला. मी पेनड्राइव्ह काढून घेतला.

पाथरवटाला ही लिपी येत नाही. कागदावर जे असेल ते तो कोरतो. सुटी अक्षरे दिली असती तर सुटीच कोरली असती. मुलगी म्हणाली, "मजकूर नेऊ नका, अब्बा. त्याचं चित्र करून न्या. चित्र मोडत नाही." तसे केले. या वेळी छापून आलेला कागद मी छायाचित्राशी ताडून पाहिला. बरोबर होता.

पाथरवटाने तो दगडावर चिकटवला.

"गुरुजी, ह्यात बायचा नाव कंचा हाय? त्यो जरा खोल घेतो."

"वरची ओळ."

"वरती तर लय लिवलाय. वाचून दावा ना."

वरच्या ओळीत तिच्या नावापुढे तिच्या वडिलांचेही नाव होते. आमच्या पिढीत नवरा बायकोचे नाव घेत नसे. घरात मी तिला "ऐकलंस का" म्हणत असे. बाहेर, मुलीची आई.

मी वाचले नाही. नाव जेथे सुरू होते तेथे बोट ठेवले आणि संपते तेथपर्यंत उजवीकडून डावीकडे नेले. त्याने मागोमाग पेन्सिलीने रेघ ओढली.

"एवढाच?"

"एवढेच."

त्याने छिन्नी उचलली. धूळ उडू लागली तेव्हा मी बाजूला सरकलो.