टेम्पोच्या पुढे अर्धा तास

गडबड झाली की बिरूमामा खाली बसायचे. तपासणीला साहेब आलेले असायचे, हजेरीपट सापडत नसायचा, मुख्याध्यापकांचा चष्मा हरवलेला असायचा, आणि आमचे हे शिपाई घंटेखालच्या दगडावर बसून निवांत तंबाखू मळत असायचे. मुख्याध्यापक ओरडायचे, "मामा, इथं आग लागलीय!" मामा म्हणायचे, "मंग तर बसायलाच पायजे. गडबडीत उठलेला माणूस चुकीच्या दारातनं जातो." दोन मिनिटांनी ते उठत, सरळ खिचडीच्या खोलीत जात आणि तांदळाच्या पिंपावर ठेवलेला चष्मा आणून देत.

आमची शाळा लोहारा तालुक्यात, माकणीच्या धरणापासून जवळ. मामा जातीचे मेंढपाळ. शाळेत नोकरी, पण घरी चाळीस मेंढरं होती आणि रविवारी ते त्यांच्यामागे रानात असत. जगातली प्रत्येक गोष्ट ते मेंढरांवरून ताडायचे. नवीन बाई रुजू झाल्या तेव्हा आठवडाभर त्यांचा वर्ग ऐकून मला म्हणाले, "बाई लई हाकलत्यात. कळप फुटंल." पुढच्याच सोमवारी अर्धा वर्ग बोरं खायला पसार झाला.

मी गणिताचा मास्तर. चाळिशी ओलांडली तशी रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चालत जा. मी कोणाचं ऐकून थोडंच करणार? मी एकदम बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं आणि ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवलं. धाराशिवहून तुळजापूरच्या वाटेवर एकवीस किलोमीटर जायचं, वळायचं आणि तेवढंच परत यायचं. पहाटे पाचला सुरू, दुपारी बाराला बंद. सगळ्यांच्या मागून एक टेम्पो ठरलेल्या वेगानं येतो. तो ज्याला गाठेल तो बाद, त्यानं मुकाट टेम्पोत बसायचं. पहिल्या वर्षी मी तिसाव्या किलोमीटरला टेम्पोत बसलो. मुख्याध्यापकांनी माझ्या स्वागतासाठी तेरखेड्याहून फटाक्यांची माळ आणली होती, ती कपाटात गेली.

महिनाभरानं शाळेत माझं नाव 'टेम्पोसर' पडलं. कोणी ठेवलं ते कळेना. मी फळ्याकडे वळलो की मागून कोणीतरी बारीक हॉर्न वाजवायचं. वेळ, अंतर आणि वेग हे प्रकरण तर मला शिकवताच येईना, कारण पुस्तकातल्या पहिल्याच उदाहरणात एक टेम्पो ताशी चाळीस किलोमीटर वेगानं निघाला होता. पळणं मी जवळजवळ सोडलंच होतं, पण त्या हॉर्नच्या रागानं पुन्हा पळू लागलो. दुसऱ्या वर्षी तेहतिसाव्या किलोमीटरला ओकलो आणि पुन्हा टेम्पो. आता हॉर्न गावातही वाजायला लागले. मी बदलीचा अर्ज लिहिला आणि शाळेतल्या माझ्या खणात ठेवून दिला. तिसऱ्या वर्षी शर्यत पूर्ण झाली नाही तर तो द्यायचा आणि ही शाळा सोडायची, असं मी ठरवलं होतं. बारा वर्षं या शाळेत काढली होती. वाईट वाटत होतंच.

तिसऱ्या वर्षी शर्यतीचा फॉर्म भरत होतो तेव्हा मामा म्हणाले, "सर, माझंबी नाव घाला."

"मामा, तुमची निवृत्ती जवळ आलीय. बेचाळीस किलोमीटर आहे ते!"

"मंग काय झालं? मेंढरामागं काय म्या मोटारीत बसून जातो व्हय?"

शर्यतीला ते धोतर खोचून, पायात वहाणा, डोक्याला फेटा आणि कमरेला एक गाठोडं बांधून आले. पळणं म्हणजे काय, तर एक संथ, अखंड दुडकी चाल. मी पुढे जाऊ लागलो की मागून हाक यायची, "सर, रान लई मोठं हाय, तिथंच राहतंय."

नऊ वाजून दहा मिनिटांनी आम्ही अठ्ठाविसाव्या किलोमीटरला होतो. महाशिवरात्र नुकतीच झाली होती, तरी ऊन चटके देत होतं. बायकोनं वाढदिवसाला घेतलेल्या नव्याकोऱ्या बुटांत माझी बोटं सुजली होती, पोटऱ्यांत गोळे येऊ लागले होते. टेम्पो आमच्या अर्धा तास मागे होता. एवढीच माझी दोन महिन्यांच्या सरावाची कमाई. रस्त्याकडेला एक लिंबाचं झाड होतं. मामा त्याखाली गेले आणि खाली बसले.

"मामा! उठा! टेम्पो येतोय!"

"म्हणूनच बसलोय. तुमीबी बसा."

"बसलो तर बाद होईन!"

"न्हाय बसला तर पडताल." त्यांनी गाठोडं सोडलं. त्यात भाकरी, कांदा आणि मीठ घातलेल्या ताकाची बाटली होती. "ऊन झालं का मेंढरू मुंडी खाली घालून थांबतंय. तवा हाकललं तर मरतंय. थांबू दिलं तर सांजपतूर कोसच्या कोस जातंय. तुमी आता मुंडी खाली घातल्याली हाय."

मी बसलो. खरं सांगायचं तर बसलो नाही, कोसळलो. आमच्या शेजारून माणसं जात होती. चकचकीत गॉगल लावलेला एक तरुण ओरडला, "काका, उठा, थोडंच राहिलंय!" मामा म्हणाले, "व्हा पुढं बाबा, येतोच." मग त्यांनी माझे बूट काढले, बोटं दाबून पाहिली आणि कमरेची सुरी काढली.

"मामा, काय करताय?"

"खूर वाढलं का मेंढरू लंगडतंय. तुमचं खूर काय कापता येत न्हाय." असं म्हणून त्यांनी दोन्ही बुटांची नाकं कचाकच कापून टाकली. बायकोला काय सांगायचं, या भीतीनं मी क्षणभर शर्यतही विसरलो. दहाही बोटं बाहेर येऊन वारा खाऊ लागली. मग त्यांनी मला फेट्याची उशी देऊन आडवं केलं. मी घड्याळ बघू लागलो तर ते काढून स्वतःच्या बंडीत ठेवलं.

किती वेळ गेला कोण जाणे. वळणावर टेम्पोचा हॉर्न वाजला. मी धडपडत ते बिननाकाचे बूट चढवले. मामा उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "आता चला. आता कुणीबी मागं लागलं तरी चालतंय."

गोळे गेले होते. टेम्पो पन्नास पावलांवर होता आणि आम्ही दुडकत होतो. दोन किलोमीटरनंतर तो शंभर पावलांवर गेला, मग दिसेनासा झाला. छत्तिसाव्या किलोमीटरला तो गॉगलवाला कडेला पाय पसरून बसलेला दिसला. मामांनी थांबून उरलेलं ताक त्याला दिलं आणि जाता जाता म्हणाले, "थोडंच राहिलंय." एवढा खोडसाळपणा त्यांना आवरत नसे. तो पोरगा बिचारा पुढे टेम्पोतून आला.

बाराला सात मिनिटं कमी असताना आम्ही मैदानात शिरलो. मुख्याध्यापकांनी दोन वर्षं कपाटात दमट झालेली माळ पेटवली. अर्धी वाजली, अर्धी नुसतीच फुसफुसली. मी मात्र हमसून हमसून रडलो, आणि मामा माझं घड्याळ मला परत देत होते. दुसऱ्या दिवशी खणातला बदलीचा अर्ज घरी आणून चुलीत घातला. बुटांचं प्रकरण मिटायला महिना लागला.

दोन वर्षांनी मामा निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं झाली. शेवटची घंटा द्यायची वेळ झाली तेव्हा आम्ही दोघं घंटेखालच्या दगडावर बसलो होतो. ते म्हणाले, "सर, एक सांगायचं राहिलं. टेम्पोसर हे नाव म्याच ठेवलं व्हतं."

मी ताडकन उठलो.

"पैल्या साली तुमी बूट माळ्यावर टाकले. साखर वाढत व्हती, तोंड उतरलं व्हतं. बसल्यालं मेंढरू मारून उठत न्हाय, त्याच्या मागं कुत्रं भुकवावं लागतंय. म्हणून पोरांना नाव सांगितलं. पर कुत्रं जरा जास्तच भुकलं. एक दिस फायली लावताना खणात तुमचा बदलीचा अर्ज बघितला आन् आपली चूक कळली. म्हणून तर संगं पळाया आलो. न्हायतर मला काय याड लागलंय?"

चार वर्षं ज्याला शोधत होतो तो समोर बसला होता. रागानं माझे कान तापले होते, आणि डोळे भरून आले होते.

"राग आला का, सर?"

"आला!"

"मंग बसा," मामा म्हणाले.

मी बसलो. ते उठले आणि त्यांनी शेवटची घंटा दिली. चार मिनिटं उशिरा.