पारूबाईंनी काढलेली चूक

पारूबाई पादीर पन्नाशी ओलांडेपर्यंत शाळेची पायरी कधी चढल्या नव्हत्या. कर्जतच्या वरच्या अंगाला, डोंगराला चिकटलेल्या ठाकरांच्या वाडीत त्या राहतात. पावसाळाभर रानभाज्यांची पाटी घेऊन बाजारात बसायच्या. कोणती भाजी कशी शिजवायची, हे कर्जतच्या शिकलेल्या बायका त्यांनाच विचारायच्या.

गेल्या वर्षी वाडीच्या समाजमंदिरात मोठ्यांसाठी साक्षरता वर्ग सुरू झाला. बऱ्याच देशांत असे वर्ग चालवणाऱ्या एका संस्थेनं फळा आणि पुस्तकं दिली. शिकवायला वाडीतलीच, बारावी झालेली ललिता उभी राहिली. दुपारची कामं उरकून दहा बायका यायला लागल्या.

पुस्तकाच्या पहिल्याच पानावर जहाज होतं. पारूबाई म्हणाल्या, “ललिता, आमी कवा जहाज बघितलं गं? आपल्या रानातलं काय तरी लिव की.”

ललितानं फळ्यावर ‘टाकळा’ या रानभाजीचं नाव लिहिलं, आणि वर्गात एकच गलका झाला. “कुर्डू लिव!” “भारंगी लिव!” “माझी शेवळं ऱ्हायली!” आतापर्यंत माना खाली घालून बसणाऱ्या बायका एकमेकींच्या वर आवाज चढवू लागल्या. पंधरा दिवसांत रानभाज्यांच्या नावांनी ललिताची अख्खी वही भरली. अक्षरांनाही आता ओळख मिळाली. ‘ट’ म्हणजे टाकळ्याचा, ‘भ’ म्हणजे भारंगीचा.

ललितानं ती वही संस्थेकडे पाठवली. त्यांनी त्यावरून एक छोटं सचित्र पुस्तक छापायचं ठरवलं. चारेक महिन्यांनी त्याच्या पहिल्या प्रती घेऊन संस्थेच्या मनमाया नावाच्या बाई वाडीत आल्या. त्या मूळच्या नेपाळच्या, हिंदीत बोलायच्या.

पहिलं वाचन पारूबाईंनीच करावं, असं सगळ्यांनी ठरवलं. पारूबाईंनी पदराला हात पुसले, अक्षराखाली बोट ठेवलं आणि त्या शेजारच्या चित्राकडेच बघत राहिल्या. ललिताला वाटलं, अडल्या. ती हळूच म्हणाली, “कु...”

“वाचलंय गं मी! कुर्डूच लिवलंय. पन चित्तर टाकळ्याचं हाय!”

सगळ्या जणी पुस्तकावर वाकल्या. खरंच, चित्र टाकळ्याचं होतं. समाजमंदिर हसण्यानं दणाणलं. मनमायाबाईंना काही कळेना. ललितानं हिंदीत सांगितलं, तशा त्या उठल्या आणि पारूबाईंचे दोन्ही हात धरून बोलू लागल्या. ललिता मराठीत सांगत गेली, “त्या म्हणतात, पस्तीस वर्षांची होईपर्यंत मलाही वाचता येत नव्हतं. वाचायला लागल्यावरसुद्धा छापलेलं चुकीचं असेल, असं मनात यायला मला कितीतरी वर्षं लागली. तुम्ही पहिल्याच पानावर पकडलंत!”

“तुमी पन आमच्यासारक्याच?” पारूबाईंनी विचारलं. मनमायाबाईंनी हसत मान हलवली. मग दोघी एकाच चटईवर मांडीला मांडी लावून बसल्या आणि एकेक चित्र तपासत शेवटच्या पानापर्यंत गेल्या.

महिन्याभरानं दुरुस्त पुस्तक आलं. मागच्या पानावर दहाही बायकांची नावं छापली होती. पारूबाईंनी ती घरी मोठ्यानं वाचून दाखवली. नवरा पोशा ऐकत होता. म्हणाला, “आन् माजं नाव कुठं हाय?”

“वर्गाला ये, मग लिवतील.”

सोमवारी पोशा नवी पेन्सिल घेऊन वर्गात हजर झाला.