व्हाइटहेवनच्या धक्क्यावर मी ‘नाही’ म्हटलं

ट्रिप रोहननं ठरवली. रोहन म्हणजे आमचा मुलगा. हल्ली आमचं सगळं तोच ठरवतो. ‘शुक्रवारी सकाळी घ्यायला येतो, रेडी राहा,’ असा फोन आला आणि मी आणि आमचे हे, दोघंही लंडनजवळच्या वॉटफर्डच्या घराच्या दारात बॅगा घेऊन उभे. मी रिटायर्ड भूलतज्ज्ञ. आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलात लोकांना झोपवलं, आता मुलगा मला झोपवू पाहतोय.

त्याचं घर स्टॅनमोरला. मागच्या बागेत त्यानं आमच्यासाठी ॲनेक्स बांधलाय. उबदार बेडरूम, बाथरूममध्ये धरायला दांड्या, सगळं झकास. फक्त स्वयंपाकघर नाही. एक किटली आणि एक मायक्रोवेव्ह. ‘जेवाल आमच्याकडेच ना!’ मंगळवारी इस्टेट एजंट आमच्या घराचे फोटो काढायला येणार होता. मला ते घर विकायचं नव्हतं आणि हे मी कुणापाशी बोलले नव्हते. यांचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही, तरी ॲनेक्ससाठी हे एका पायावर तयार.

असो. रस्त्याचं सांगते. एम वन, मग एम सिक्स, पेनरिथला उतरून ए सिक्स्टीसिक्स. थांबत थांबत गेलात तर अख्खा दिवस धरा. एम सिक्सवर डोंगरात एक छान सर्व्हिस स्टेशन आहे, समोर बदकांचं तळं. तिथे मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. ‘आई, इथे प्रॉपर फूड मिळतं,’ रोहन म्हणाला, आणि मग त्यातल्या निम्म्या दशम्या त्यानंच खाल्ल्या. केसिकच्या पुढे रस्ता तळ्याच्या काठाकाठानं जातो, तिथे खिडकीची सीट सोडू नका.

बघायचा होता लेक डिस्ट्रिक्ट, उत्तरेकडचा डोंगर-तळ्यांचा भाग, पण तिथली हॉटेलं परवडण्यापलीकडे गेली होती, म्हणून मुक्काम पुढे समुद्रकाठी, व्हाइटहेवनला. जुनं कोळशाचं बंदर. सरळ रेषेत आखलेले रस्ते, रंगवलेली जुनी घरं, चढावर खाणीची एक उंच चिमणी. रात्री पबमध्ये रोहननं आमची ऑर्डर आम्हाला न विचारताच दिली. फिश चांगला होता, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावरच्या बोटीचं बुकिंग होतं. मी म्हटलं, आधी बंदर बघू. रोहननं घड्याळ पाहिलं, पण आला. धक्क्यावर जुन्या तोफा ठेवल्यात आणि त्यातल्या एकीवर वाकलेल्या माणसाचा पुतळा आहे. शेजारी कुत्रा घेऊन बसलेल्या एका पांढऱ्या केसांच्या बाईंना मी विचारलं, हा कोण? त्या इथल्याच, शाळेत इतिहास शिकवायच्या. त्यांनी खुशीत सगळं सांगितलं. अमेरिका इंग्लंडपासून फुटून निघत होती तेव्हा तिकडचं एक जहाज थेट इथे हल्ला करायला आलं होतं. त्याचा कप्तान याच बंदरातून पहिल्यांदा समुद्रावर गेलेला. त्याच्या माणसांनी तोफा निकामी केल्या, एका कोळशाच्या जहाजाला आग लावली, ती गावकऱ्यांनी विझवली. आणि वर चर्चच्या आवारात अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षांची आजी पुरलीय.

“म्हणजे घरातलीच भांडणं,” मी म्हटलं.

“अगदी घरातलीच,” त्या म्हणाल्या. “सुरुवातीला अमेरिकेतल्या लोकांना वेगळं व्हायचंच नव्हतं. आम्ही राजाचीच माणसं, असं म्हणत अर्ज पाठवायचे. कर बसवताना आमच्या माणसांना पार्लमेंटात बसवा, नाहीतर आमचं आम्हाला ठरवू द्या, एवढंच मागणं. लंडनला तो उद्धटपणा वाटला.”

“पण त्यांच्या प्रोटेक्शनसाठी खर्च लंडननंच केला होता ना?” रोहन म्हणाला. “मग थोडा टॅक्स मागितला तर काय चुकलं?”

“त्यांना विचारलं होतं का?” मी म्हटलं.

“आई, त्यांच्या भल्यासाठीच होतं.”

“तेच म्हणतेय. विचारलं होतं का?”

माझा आवाज चढला असावा. बाई शहाण्या. कुत्र्याला उठवून ‘टा-रा’, म्हणजे इकडचं ‘येते हं’, म्हणून निघून गेल्या. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

“रोहन, त्या ॲनेक्समध्ये गॅस का नाही?”

“सेफ्टी, आई. आणि तू आयुष्यभर कुकिंग केलंस, आता पुरे ना.”

“पुरे की नाही ते मी ठरवीन. मला चहाबरोबर कुणाला दोन भजी तळून द्यायची असतील तर तुझ्या बायकोची परवानगी काढू? मी नाही येणार तिथे. घर विकायचं नाही.”

तो लहानपणी रुसायचा तसा खालचा ओठ दाबून उभा राहिला. “मी सगळं तुमच्यासाठी केलं.”

“माहितेय रे. म्हणून तर इतके दिवस तोंड उघडवलं नाही.”

मी यांच्याकडे पाहिलं. हे आपले समुद्राकडे बघत, जणू दोन्ही देशांशी आपला संबंध नाही. इतका राग आला मला!

बोट चुकली. आम्ही वर चर्चच्या बागेत जाऊन बसलो, तिघं तीन बाकांवर. जागा सुंदर आहे, गेलात तर जरूर बसा. रविवारी परतीच्या वाटेवर गाडीत फक्त नॅव्हिगेशनवाली बाई बोलत होती.

घरी आल्यावर यांनी हळूच विचारलं, “माझा बिछाना खाली पुढच्या खोलीत टाकला तर?” एवढंच. भांडायची तयारी करून बसलेली मी, लगेच जागा करायला उठले. सोफा आम्ही दोघांनीच ढकलला. पाठ धरली, पण ढकलला.

मंगळवारी एजंट आला नाही. त्याला नको म्हणून रोहननंच कळवलं होतं, हे मला एजंटला फोन केल्यावर समजलं. त्याला लागलंय, ते मला दिसतं. बागेत ती रिकामी खोली रोज त्याच्या डोळ्यांसमोर असणार. प्रवासातून खरं उरलं ते हेच: मी बरोबर होते, आणि तरीही माझ्या लेकराला मी दुखावलं. दोन्ही खरं.

गुरुवारी मीच फोन केला. “रविवारी जेवायला या सगळे. इथे. मी करतेय.”

वाटलं, आता काहीतरी कारण सांगेल.

“आई,” तो म्हणाला, “किती वाजता येऊ?”