डाव्या हाताचं कॉलेज

तलासरीकडच्या झरी गावात जमना ज्या शाळेत विज्ञान शिकवायची, त्या शाळेतली मुलं पहिल्या दिवशी आधी फळ्याकडे बघत आणि मग तिच्याकडे. फळ्याच्या उजव्या अर्ध्या भागावर ती उजव्या हाताने लिही, डाव्या अर्ध्यावर डाव्याने. खडू या हातातून त्या हातात जाई, पण बोलणं काही थांबत नसे. अक्षर दोन्हीकडे सारखंच वाईट. एकदा मी तिला भेटायला गेले, तेव्हा एका मुलीने मला दबक्या आवाजात विचारलं की बाईंना देवाने असंच घडवलंय का. मी म्हटलं, नाही गं, हा डावा हात बाईंनी कॉलेजच्या पहिल्या वर्षी स्वतः घडवला. तो घडताना मी पाहिला आहे. त्याआधी मी तिला हसलेही होते, तेही सांगून टाकलेलं बरं.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. डहाणूत कॉलेज नव्हतं. उत्तरेला गुजराती मुलखात, गाडीने दीड तासावर एक होतं. त्या वर्षी डहाणू रोडहून सकाळच्या पॅसेंजरने तिथे जाणाऱ्या मुली दोनच. मी मसोलीच्या चिकूवाडीवाल्यांची, जमना किनाऱ्यावरच्या तांडेलाची, म्हणजे मासेमारी बोटीच्या प्रमुखाची. तिची आई काशीमावशी माझ्या जन्माआधीपासून आमच्या घरी मासळीची टोपली उतरवत आली होती. त्यामुळे समोरासमोर बसूनही पहिले आठ दिवस जमना मला ‘सुलूबाय’ आणि ‘तुम्ही’ म्हणत राहिली. नवव्या दिवशी तिने माझ्या डब्यातली भाजी चाखली, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, “तुमच्याकडे मिरची महाग हाय काय?” त्या दिवसापासून आम्ही एकमेकींना अगं-तुगं करू लागलो.

तिच्या बापाने तिला एक वर्ष दिलं होतं. बोटीवर पाच माणसं त्याच्या शब्दावर हलत, घरात तर सगळेच. मॅट्रिक झालेली मुलगी किनाऱ्यावर दुसरी नव्हती. शाळेतले गुरुजी चार वेळा घरी येऊन बसले, तेव्हा कुठे तो कबूल झाला. पास झाली तर पुढे शिकेल, नापास झाली तर बोंबील वाळत घालायला बसेल आणि त्याच वर्षी तिचं लग्न होईल. हे सगळं तिने मला हसत सांगितलं, पण सांगताना तोंड खिडकीबाहेर होतं.

कॉलेजात शिकवणं सगळं इंग्रजीत, बाकीचं बोलणं गुजरातीत. गुजराती दोघींनाही येत होतं. इंग्रजी मला वडिलांनी घरी मास्तर ठेवून शिकवलं होतं. जमनाचं मात्र यथातथाच. प्रोफेसर बोलत ते ती कानावर पडेल तसं देवनागरीत उतरवून घेई आणि परतीच्या गाडीत मला अर्थ विचारी. मी एकदा वैतागून म्हटलं की असं कुठवर चालणार. ती म्हणाली, “नाय येत, पण येल.” हे तिचं नेहमीचं उत्तर. घड्याळात बघायला, सायकल चालवायला, टेबलावर जेवायला, सगळ्याला तेच उत्तर आणि बहुतेक वेळा खरं ठरलेलं.

पहिल्या टर्मच्या शेवटी प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला मुशी, म्हणजे छोटा शार्क मासा, आली. समुद्र जवळ, त्यामुळे आमच्याकडे बेडकाइतकीच मुशीही कापायला असे. सरांनी ट्रेमध्ये एकेक मासा दिला आणि सांगितलं, पोट उघडून आतले अवयव जागच्या जागी दाखवा, वेळ दोन तास. मी सुरी धरून देवाचं नाव घेत होते, तोवर शेजारी खसाखस आवाज झाला. पाहते तो जमनाने पंख छाटले होते, डोकं उडवलं होतं, पोटातलं सगळं एका झटक्यात बाहेर काढून कडेला टाकलं होतं आणि मुशीचे सहा सारखे तुकडे ट्रेमध्ये मांडले होते. पाच मिनिटंही झाली नव्हती. जे दाखवायचं होतं नेमकं तेच तिने फेकून दिलं होतं.

सर हसले, मग वर्ग हसला, मीही पोट धरून हसले. शून्य मार्क पडले. वार्षिक परीक्षेत असं झालं तर बाकीचा पेपर कितीही चांगला गेला तरी वर्ष गेलं, असं सरांनी तिला बजावलं. प्रयोगशाळेच्या शिपायाने ते ताजे तुकडे घरी नेले आणि सफाई एक नंबर होती असं सांगून गेला. त्याने ते मनापासून सांगितलं होतं, पण जमनाला ते हसण्याहून जास्त लागलं. गाडीत ती बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, “सुरी हातात आली नि हात चालले. मी तिथं नव्हतेच.” थोड्या वेळाने म्हणाली, “तू पण हसलीस.”  

दोन दिवस ती गाडीला आली नाही. तिसऱ्या दिवशी रविवार होता, मी किनाऱ्यावर गेले. घरापासून अर्ध्या तासाची वाट, पण तिच्या दारी मी त्याआधी कधी गेले नव्हते. अंगणात ती मुशी घेऊन बसली होती आणि सुरी डाव्या हातात होती. बोटाला चिंधी बांधलेली. मी विचारलं, हे काय खूळ? तर म्हणाली, “उजवा हात आयचा हाय, तो माझं आयकत नाय. डावा अडाणी हाय. विचारून विचारून जातो.”

मी पुस्तक आणायला परत धावले. त्या दिवसापासून दर रविवारी मी तिच्या अंगणात बसून इंग्रजी वाचायची आणि ती एकेक थर उघडायची. हे हृदय, हे कल्ले, हे यकृत. काशीमावशी करवादायची, गिऱ्हाईक खोळंबलंय आणि ही बया मुशीला गोंजारत बसलीय. पण कान तिचेही उघडे होते. माघ महिन्यात मी बाजारातून जात होते, तर काशीमावशी एका पारशी गिऱ्हाइकाला ठसक्यात ऐकवत होती की मुशी ताजी आहे की नाही ते तिचं लिव्हर बघून ठरवा. गिऱ्हाइकाने मुकाट्याने मुशी घेतली.

वार्षिक प्रात्यक्षिकाला बाहेरगावचे परीक्षक आले होते. जमनाने डाव्या हातात सुरी घेतली आणि पूर्ण दोन तास घेतले. शेवटी तिच्या ट्रेमध्ये मुशी अशी उघडी होती की एकही धागा तुटला नव्हता. परीक्षकांनी विचारलं की जन्मापासून डावखुरी आहेस का. जमनाने आधी इंग्रजीत सुरुवात केली, मग गुजरातीत, आणि शेवटी सरळ मराठीत पहिल्या टर्मची सगळी हकिगत सांगून टाकली, सहा तुकड्यांसकट. मी घाबरून गेले होते. ते गृहस्थ मात्र चष्मा पुसत मराठीतच म्हणाले की त्यांनी पंचवीस वर्षांत इतकं स्वच्छ काम पाहिलेलं नाही, आणि त्यांनी शेजारच्या टेबलांवरच्या मुलांना ते बघायला बोलावलं. आमचे सरही आले. या वेळी कोणी हसलं नाही. मला मात्र रडू आलं, आणि माझ्या ट्रेमधली मुशी आणखीच बिघडली.

निकाल लागला. दोघी पास झालो, मी काठावर, आणि प्रात्यक्षिकात जमना कॉलेजात पहिली. तिचा बाप अंगणात जाळं विणत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. शेठ लोकांच्या पोरांच्या पण पुढे का, एवढंच विचारलं, आणि तिने हो म्हटल्यावर पुन्हा जाळ्यात मान घातली. शब्द दिलेला असूनही पुढच्या वर्षाबद्दल एक अक्षर बोलला नाही. सगळी सुट्टी जमनाने ते एक अक्षर ऐकायची वाट बघण्यात काढली. विचारायची हिंमत तिला झाली नाही, मला तर नाहीच.

कॉलेज उघडायच्या दिवशी मी डहाणू रोडला पोचले तेव्हा ती स्टेशनच्या दारात उभी होती, वह्या छातीशी धरून. मी विचारलं, काय ठरलं? तिने तिकिटाच्या खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे तिचा बाप होता, धुतलेला पांढरा सदरा घालून. “माझ्या पोरीचा पास पायजे,” तो बाबूला सांगत होता, “कॉलेजात दुसऱ्या वर्षाला हाय ती. मुशी कापन्यात पयली आली.” बाबूने नाव विचारलं, तर त्याने नावाआधी पुन्हा सगळं सांगितलं. मग मागे वळून रांगेतल्या माणसाला सांगितलं. गाडीची घंटा झाली, रांग ओरडू लागली, तरी त्याचं संपेना. शेवटी जमनानेच त्याच्या हातातून पास काढून घेतला आणि आम्ही धावत डबा गाठला. गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं, तर आता तो स्टेशनमास्तरांना सांगत होता.