मी या गावचा रहिवासी नाही

मी गाव सोडलं त्या दिवशी एसटी दोन तास उशिरा आली आणि निरोपाचा सगळा विचका झाला. आईचं रडून झालं होतं, बाबांचं सांगून झालं होतं, माझं पाया पडून झालं होतं, आणि गाडीचा पत्ता नाही. मग फाट्यावर आम्ही एकमेकांकडे न बघता नुसते उभे. धाकटा महेश कंटाळून घरी निघून गेला. शेवटी बाबाच म्हणाले, "जा रं संज्या. गाव काय पळून जात नाय." नेमके ते तंबाखू आणायला टपरीवर गेले आणि एसटी आली. मागच्या काचेतून मला आईच तेवढी दिसली.

आयटीआयचा वेल्डरचा कागद हातात होता, पण आमच्या खाडीकाठच्या तालुक्यात वेल्डरला काम एकच, खिडक्यांच्या जाळ्या. बरं, खिडक्या तरी किती असणार? म्हणून चाकण. मोशीत तात्यांच्या चाळीत एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. चौघांच्या शिफ्टा वेगळ्या, त्यामुळे गादी कधी थंड व्हायची नाही. तात्या मूळ मोशीचे शेतकरी. पुढे त्यांच्याच रानावर इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्या एकीत मी वन बीएचके घेतला. पूजेच्या दिवशी तात्या चहा घेता घेता म्हणाले, "तुमी आत्ता बसलाय ना, तिथं आमची भुईमुगाची पट्टी व्हती. लई गोड शेंग." मला उगाच चोरी पकडल्यासारखं झालं. पण ते चिडले नव्हते. चहा झाल्यावर त्यांनी कपसुद्धा स्वतःच विसळला.

तुम्ही जे गावी राहिलात त्यांना हे खरं वाटणार नाही, पण जे माझ्यासारखे इकडे आले त्यांना माहीत आहे. या पट्ट्यात नाव नंतर विचारतात. आधी, "गाव कुठलं, भाऊ?" कॅन्टीनच्या रांगेत, कंपनीच्या बसमध्ये, रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेलो तरी मेडिकलवाला विचारतो. आणि कुणीही मोशी सांगत नाही, चाकण सांगत नाही. वीस वर्षं राहिलेला माणूसही औसा सांगतो, जत सांगतो, मंडणगड सांगतो. ज्याची पोरं ताथवड्याच्या कॉलेजात शिकतात, ज्यानं रावेतला फ्लॅट बुक केलाय, तोही गावाचंच नाव सांगतो. मीही सांगायचो. ते सांगताना छाती जराशी फुगायची, एवढंच. त्या फुगलेल्या छातीनंच पुढे घात केला.

महेशला मी दोनदा चाकणला नोकरी बघून ठेवली. दोन्ही वेळा तो आला नाही. दुसऱ्यांदा त्याच्याकडे कारण होतं: गावात वीज प्रकल्प येणार होता. गॅसवर चालणारा, परदेशी कंपन्यांचा पैसा, समुद्रातून जहाजानं गॅस येणार. आमची सड्यावरची, म्हणजे गावावरच्या कातळपठारावरची, जमीन त्यात गेली. ज्या घराची जमीन गेली त्या घरातल्या एका माणसाला कायमची नोकरी, असं ठरलं होतं. महेशनं त्यासाठी तीन वर्षं वाट पाहिली. मधल्या काळात त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. बाबा फोनवर म्हणायचे, "एक पोरगा गेला तो गेला. दुसऱ्याला आता फाट्यावर सोडाया जायाला नको." मला ते लागायचं, पण बरोबरही वाटायचं.

आणि मग आमच्या चाकणच्या ठेकेदारालाच त्या प्रकल्पाचं वाफेच्या पाइपांचं काम मिळालं. आधी गॅस जाळून एक टर्बाइन फिरतं, मग त्याच्याच गरम धुरावर पाण्याची वाफ करून दुसरं. ती वाफ नेणारे पाइप दोन बोटं जाडीच्या पोलादाचे असतात, एकेका जोडाला दोन-दोन दिवस लागतात आणि प्रत्येक जोडाचा एक्स-रे निघतो. असं काम करणारे आमच्याकडे सहाच जण. ठेकेदार म्हणाला, "संजयराव, दीड वर्षाचं काम आहे. राहायला कॅम्प." मी घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "एवढे खूश तुम्ही आपल्या लग्नात पण नव्हता."

गेटवर पासासाठी रांग होती. कारकून माणूस चांगला होता, दमलेला होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "गाव?" आणि मी वीस वर्षांच्या सवयीनं, छाती फुगवून सांगितलं, "इथलाच की! शाळेच्या मागचं घर." तो चक्क हसला. म्हणाला, "वा, घरचेच निघालात." ठेकेदारांना स्थानिक माणसं किती घेतली ते दाखवावं लागतं, फॉर्मवर 'स्थानिक'च्या रकान्यात एक खूण वाढली म्हणून त्यालाही बरं वाटलं असणार. मी सही केली. कागद वाचला नाही. जोडाचा एक्स-रे मी डोळ्यांत तेल घालून बघतो, पण कागद कधी वाचत नाही.

महिन्याभरानं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नोकरीची यादी लागली. तिच्यात महेशचं नाव नव्हतं. आमच्या घराच्या नावापुढे लिहिलं होतं, 'एक व्यक्ती कामावर.' ती व्यक्ती मी.

संध्याकाळी घरी गेलो तर महेश ओटीवर बसून होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू म्हणाला, "दादा, तू गेलास तवा तुला कोणी अडवला नाय. आता आलास तो माझ्याच जागेवर येऊन बसलास?" मी म्हटलं, अरे, मला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "तुला काय माहीत आसतं इथलं?" त्याची मुलगी कोण आलंय म्हणून दारातून डोकावून गेली.

दुसऱ्या दिवशी मी प्रकल्पाच्या ऑफिसात साहेबांना भेटलो. त्यांनी फाइल नीट पाहिली आणि मार्ग सांगितला. मी लिहून द्यायचं की मी या गावचा रहिवासी नाही, या घरात राहत नाही, मोशीचा कायमचा रहिवासी आहे, खूण चुकून झाली. खाली घरातल्या कर्त्या माणसाची साक्षीदार म्हणून सही. मग मी बाहेरगावचा कामगार ठरेन आणि जागा मोकळी होईल. सोपं होतं. आधार कार्डावर मोशीच आहे, मतदान मोशीतच करतो, पाणी आलं नाही म्हणून भांडतो ते मोशीतच. त्या कागदातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी मी म्हणालो, विचार करून सांगतो.

विचार कसला करायचा होता? माझं काम दीड वर्षाचं, महेशची नोकरी आयुष्याची. पण मी तीन दिवस घालवले, हे कबूल करतो. मनात सारखं यायचं, दुसरा काही मार्ग असेल. गाव आपलं नाही हे कुणी दुसऱ्यानं म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. इथं मलाच माझ्या अक्षरात लिहायचं होतं. चौथ्या दिवशी बाबाच कॅम्पवर आले, दोन किलोमीटर चालत. माझ्या खाटेवर बसले, पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लिवून दे संज्या. तुझं तिकडं चाललंय. ह्याचं कुठंच नाय." चपलेत पाय घालता घालता म्हणाले, "मी करतो सही."

आईला सांगितलं तेव्हा ती मासे साफ करत होती. म्हणाली, "कागदावर काय लिवायचं तां लिवा. मला कुठं वाचाया येतंय." आणि पुन्हा कामाला लागली.

साहेबांच्या टेबलावर मी ते लिहिलं. बाबांनी चष्मा नाकावर ठेवून पूर्ण वाचलं, एक-एक शब्द, ओठ हलवत. मी जे कधी करत नाही ते त्यांनी केलं. मग सावकाश सही केली आणि पेन दोन्ही हातांनी परत दिलं. पुढच्या यादीत महेशचं नाव आलं. पाणी शुद्ध करण्याच्या विभागात लागला तो. आता शिफ्ट, ओव्हरटाइम असं बोलतो. माझे जोड सगळे पास झाले, काम संपलं, मी मोशीला परत आलो. अजून इथं कुणी गाव विचारलं की मी थोडा थांबतो. समोरच्याला वाटतं ऐकू आलं नाही, तो पुन्हा विचारतो. हल्ली एक थकवा जात नाही; कामाचा असता तर सुट्टीत गेला असता. खूप वर्षं दोन घरं आहेत असं समजून जगत होतो, त्याचा हा थकवा आहे. महेशचं बस्तान बसलं याचा आनंद खरा आहे, आणि हा थकवाही खराच आहे.

त्या सहीच्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. ऑफिसातून बाबा आणि मी चालत घरी आलो. दारात चपला काढताना बाबा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "संज्या, जेवून जाशील ना?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे मला कधी विचारलं नव्हतं. घरच्या माणसाला 'जेवायला बस' म्हणतात, विचारत नाहीत. त्यांच्या लक्षातही आलं नसेल. मी हो म्हणालो. हात धुवायला मागच्या दारी गेलो, तर तांब्या कुठं ठेवतात ते मला महेशच्या बायकोला विचारावं लागलं.