पायरीवरचा श्रोता

सुरुवातीच्या एफएमची आठवण म्हणून आम्ही कॉलेजच्या एका खोलीतून, जुन्या यंत्रावर, तीन तासांचं प्रायोगिक प्रसारण केलं. पण ऐकतंय कोण, या शंकेनं माझ्या निवेदनात जोर नव्हता. गाणं लावून बाहेर आलो, तर पायरीवर एक म्हातारे गृहस्थ रेडिओ कानाला लावून बसलेले. बोटं चांदीच्या कामानं काळवंडलेली.

"आमच्या गावात, हुपरीत, तुमचं टेसन लागंना, म्हणून रेडिओच हिकडं घिऊन आलो," म्हणाले.

"मग आत येऊन बसा की."

"नगं पावणं. आत तुमी दिसशिला. रेडिओवरचा माणूस ऐकायचा, बघायचा न्हाई. जावा, गाणं संपत आलंय."

मी पळालो. नाव विचारायचं राहिलंच. आभार माईकवरूनच मानले. खिडकीबाहेर रेडिओचा आवाज एकदम मोठा झाला.